कडेचं बघणारी लेन्स

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. कॅमेऱ्याच्या पुढे जी गोल काच लावतात ती लेन्स. त्यातही मी वाइड, म्हणजे रुंद बघणारी. साधी लेन्स समोरचं बघते. मी समोरचं तर बघतेच, शिवाय डावी भिंत, उजवी भिंत, वरचा पंखा, खालची फरशी आणि फोटो काढणाऱ्याने लक्ष दिलं नाही तर त्याच्या स्वतःच्या चपलासुद्धा बघते.

एवढं सगळं बघायचं म्हणजे डोळा बाहेर काढावा लागतो. माझी पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगीर आहे. इतर लेन्सना पुढे एक सपाट काच फिरवून बसवता येते. धूळ, बोटांचे डाग, धक्का, जे काय यायचं ते तिच्यावर येतं. माझ्यावर तशी काच बसतच नाही. मला फक्त एक प्लास्टिकचं टोपण आहे आणि तेही सैल झालंय. त्यामुळे जन्मापासून मी जीव मुठीत धरून जगत आले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. काचेचे तुकडे घासून, पुसून, एकामागे एक बसवून मला घडवलं. गरिबाला परवडावी म्हणून माझ्यात फोकस करणारी मोटर घातली नाही. माझं कडं हाताने फिरवावं लागतं. शेवटी एका बाईने मला उजेडासमोर धरलं, नीट निरखलं आणि मान डोलावली. आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, आणि नंतर बरीच वर्षं तेवढंच पुरवून वापरलं.

उल्हासनगरच्या विक्रांत नावाच्या एका हौशी तरुणाने मला आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो काढायला घेतलं. बारवी धरणाच्या बाजूला एकदा घेऊन गेला, तर आभाळ भरलेलं. नव्याचे नऊ दिवस संपले आणि मी कपड्यांच्या कपाटात गेले. तिथे अंधार होता आणि ओल होती. पुढे लग्न ठरल्यावर त्याने कपाट रिकामं केलं आणि मला विकून टाकलं.

अशी मी उल्हासनगर कॅम्प नंबर तीनला, जीन्सच्या दुकानांच्या ओळीत, झामनदास सेठच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आले. दुकान कसलं, बोळच तो. मागच्या कारखान्यात शिलाई मशिनं दिवसभर घरघरत आणि माझं शेल्फ थरथरत राही. मला ठेवलं होतं अगदी काठावर. रोज वाटायचं, आज खाली पडणार.

माझ्या शेजारी एक लांबडी, रुबाबदार लेन्स होती. तिला बुरशी लागली होती. हो मित्रांनो, लोणच्याला लागते तशी काचेलाही बुरशी लागते. आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. आणि ती सुरू होते कडेपासून. मधली काच लख्ख असते. गिऱ्हाईक शेजारणीला उचलायचं, मधून आरपार बघायचं आणि म्हणायचं, साफ आहे. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे सरकत होते, तिकडे कोणी बघायचं नाही. धागे मध्यापर्यंत पोचले तेव्हा सेठने तिला भंगाराच्या खोक्यात टाकलं. तेव्हापासून मला एकच धाक बसला. माझ्याही कडेला काही सुरू झालं नसेल ना?

एका दुपारी दुकानात भावना आली. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत राहणारी, लग्नांचे आणि बिल्डरांच्या नव्या फ्लॅटचे फोटो काढून पोट भरणारी. बरोबर तिचे पप्पा होते, मिलिंद. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. भावनाचे ड्रायव्हर तेच, हमाल तेच आणि फ्लॅश धरणारेही तेच. स्कूटर ते चालवत आणि भावना मागे कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून बसे. पुढे मीही त्यांना मनातल्या मनात पप्पाच म्हणू लागले.

भावनाने नुकताच एक जुना फुल फ्रेम कॅमेरा घेतला होता. फुल फ्रेम म्हणजे ज्याच्या आतली, चित्र उमटणारी पाटी मोठी असते असा.

"सेठ, बदलापूरच्या वन बीएचकेचा फोटो काढायचा म्हणजे मी एक पाय संडासात ठेवून उभी राहते, तरी अर्धाच हॉल येतो," ती म्हणाली. "चांगली वाइड दाखवा. पण स्वस्तातली."

सेठने आधी बड्या कंपनीची नवीकोरी लेन्स पुढे केली. भावनाने किंमत विचारली आणि तापलेला तवा ठेवावा तशी ती खाली ठेवली. मग सेठने दुसरी काढली, हलकी आणि खूप स्वस्त. कॅमेऱ्याला लावून भावनाने डोळा लावला.

"ई! हे काय? चारी बाजूंनी काळं!"

सेठने कपाळावर हात मारला. "अरे बेटा, वो छोटे कॅमेरे की है. गलती से हातात आली. लहान पाटीची लेन्स मोठ्या पाटीला कशी पुरणार? पलंग बडा, चादर छोटी."

"बघू," म्हणत पप्पांनी कॅमेरा घेतला आणि छोट्या खिडकीला डोळा लावला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. "कुठं काळं आहे? सगळं साफ तर दिसतंय. हीच घे की, पैसे पण वाचतील."

भावना हसली, सेठ हसला. "पप्पा, चष्मा बदला आता तुमचा." मग पप्पाही हसले.

मला मात्र हसू आलं नाही. अर्धं चित्र काळं होतं आणि त्या माणसाला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. मला माझी शेजारीण आठवली, मधून लख्ख असलेली. माझ्या काचेवरून गार वारा गेल्यासारखं झालं.

मग सेठने मला खाली उतरवलं. भावनाने डोळा लावला आणि ओरडलीच. "अगं बाई! आख्खं दुकान आलं! पंखा पण, बाहेरची रिक्षा पण!"

"फोकस हाताने करायचा," सेठ सांगू लागला. "पुढच्या काचेला सांभाळ. और कडेला माणूस ठेवू नको हां, वो फैल जाता है. भिंती ठेव कडेला, माणसं मध्ये." पण भावना पंख्याकडे बघण्यात दंग होती. तिने अर्धंच ऐकलं. "ले जा. लग्नात वापरून बघ. नाही जमलं तर परत आण."

परत आण. हे दोन शब्द ऐकून माझे धाबे दणाणले. बाहेर पडताना पप्पांचा खांदा दुकानाच्या काचेच्या दारावर धाडकन आपटला.

"हा दरवाजा मध्येच कुठनं आला?" ते म्हणाले.

स्कूटरवर मी बॅगेत होते. बॅगेत दिसत नाही, पण ऐकू येतं. अंबरनाथला शिवमंदिराकडे वळणाऱ्या रस्त्यापाशी सोमवारची गर्दी होती. अचानक कर्रकन ब्रेक लागला, मी बॅगेच्या भिंतीवर आदळले आणि एका बाईची किंकाळी आली.

"आली कुठनं ही मध्येच?" पप्पा म्हणाले.

"मध्येच काय? बाजूने केव्हाची हात करतेय मी! फुलांची पाटी गेली ना माझी!"

भावनाने उतरून फुलं गोळा केली, माफी मागितली. पप्पा स्कूटर धरून उभे होते. त्यांचा श्वास मला बॅगेतूनही ऐकू येत होता.

घरी भावनाची मम्मी, माया, हे ऐकून म्हणाली, "हल्ली ह्यांना सगळं मध्येच येतं. काल कळशी मध्येच आली. परवा शेजारचं पोर मध्येच आलं. स्टूल तर रोजच मध्ये येतं."

"मोतीबिंदू असेल," पप्पा म्हणाले. "पिकला की काढून टाकू. माझ्या आईला पण होता." एवढं बोलून ते एकदम थांबले.

"मग पिकू दे," मम्मी म्हणाली आणि वाढायला उठली. मित्रांनो, आपल्याकडे डोळ्याचं काहीही असलं की असंच म्हणतात. पिकू दे. जणू डोळा नाही, आंबाच आहे.

चार दिवसांनी भावनाची मावसबहीण हर्षदा हिचं लग्न होतं. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले, फुलं उधळली आणि सगळं घराणं स्टेजवर चढलं. एरवी सगळ्यांना बसवायला दोन-तीन फोटो काढावे लागतात. भावनाने मला लावलं आणि एकाच फोटोत सगळे घेतले. आपल्यात रीत अशी की नवरानवरी मध्ये आणि मानाच्या माणसांना दोन्ही टोकांना खुर्च्या. भावनाने रीत पाळली. एका टोकाच्या खुर्चीवर नवरीची आई, नूतन मावशी, नवं पैठणीचं ब्लाउज घालून ऐटीत बसली.

आता माझा स्वभाव असा की मध्ये असेल ते मी जसंच्या तसं दाखवते, पण जे माझ्या कडेला येतं ते ताणलं जातं. त्याला माझा इलाज नाही. संध्याकाळी फोटो घराच्या ग्रुपवर गेला आणि मावशीचा फोन आला.

"भावने, हे माझं तोंड आहे का दुधी भोपळा? पोरीच्या लग्नात आईचं असं ध्यान! एका बाजूने ताणलंय मला. सासरचे काय म्हणतील?"

भावना रडकुंडीला आली. बॅगेची चेन ओढता ओढता तिने सांगून टाकलं, "परत करते हिला. उद्या बिल्डरचं काम करून घेते आणि थेट कॅम्प तीन."

त्या रात्रभर मी शेल्फचा काठ आणि ते भंगाराचं खोकं डोळ्यांपुढे आणत होते. नको असलेल्या वस्तूची भीती काय असते ते ज्याला कोणी परत केलंय त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बेलवलीच्या पुढे, नदीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत गेलो. नमुन्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्ट अजून चालू नव्हती. भावना बॅग घेऊन आधी चढली. साइटवरचा समीर दारातच होता.

"मॅडम, गॅलरीचं रेलिंग काढलंय, काच बसवायचीय तिकडं. मी दोरी घेऊन येतो बांधायला. तोवर जाऊ नका हां त्या साइडला." तो खाली गेला. हे बोलणं झालं तेव्हा पप्पा फ्लॅशचा दांडा खांद्यावर घेऊन अजून जिन्यातच धापा टाकत होते.

हॉल सुंदर सजवला होता. सोफा, पडदे, खोटी फुलं. डाव्या हाताला गॅलरीचं दार सताड उघडं. पलीकडे ऊन आणि दूरचे डोंगर. भावनाने तीन पायांच्या तिवईवर कॅमेरा चढवला आणि माझं टोपण काढून खिशात टाकलं. माझा फोकस हाताने करायचा, म्हणून तिने बटण दाबून पडद्यावर मधलाच भाग मोठा करून घेतला. आता तिला फक्त सोफ्यावरच्या उशीची नक्षी दिसत होती. ती माझं कडं केसभर पुढे, केसभर मागे फिरवत होती.

पप्पा आत आले आणि फ्लॅश धरून उभे राहिले.

"पप्पा, तुमची सावली पडतेय. फ्रेममध्ये येताय. डावीकडे व्हा."

पप्पा सरकले. "इथं?"

"अजून. ही वाइड आहे पप्पा, हिच्यातून बाहेर जायचं म्हणजे लांब जावं लागतं."

पप्पा सोफ्याकडे तोंड करून, उजेड त्या उशीवर धरून, एक एक पाऊल डावीकडे मागे सरकत होते. "इथं?"

"अजून थोडं."

मित्रांनो, त्या खोलीत दोघे होते आणि दोघांनाही फक्त मधलं दिसत होतं. लेक उशीची नक्षी बघत होती. बाप फ्लॅशचा उजेड बघत होता. कड एकट्या मला दिसत होती. गॅलरीच्या दाराची पट्टी पप्पांनी ओलांडली ती मी पाहिली. गॅलरीची फरशी जिथे संपते ती रेघ मी पाहिली. रेघेच्या पलीकडे, खूप खाली, वाळूचा ढीग आणि उभे लोखंडी गज होते. ते त्यांच्या पाठीमागे, डाव्या अंगाला होतं. त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हतं.

"इथं?" पप्पांनी पुन्हा विचारलं.

मी ओरडले असते. माझ्या अंगात जेवढी काच आहे तेवढी सगळी फोडून ओरडले असते. पण काचेला तोंड नसतं. भीतीने माझी बोबडी वळली म्हणावं तर मला बोबडं बोलणंही येत नाही. मी नुसती बघत राहिले. टोपण नसलेल्या डोळ्याला तो मिटताही येत नाही.

"बस्, झालं, फोकस आला," म्हणत भावनाने बटण सोडलं. पडद्यावर पूर्ण चित्र आलं.

आणि डाव्या कडेला तिला पप्पा दिसले. जे कडेला येतं ते मी ताणते. नूतन मावशीचं तोंड ताणलं तसा पप्पांचा बूट मी ताणला होता. बोटभर लांब काळा बूट, त्याची टाच फरशीच्या रेघेबाहेर, आणि टाचेखाली नुसतं ऊन. साध्या लेन्समध्ये तो बूट आलाच नसता. आला असता तरी नखाएवढा आला असता.

"पप्पा, हलू नका!"

ती धावली. तिचा पाय तिवईला लागला आणि तिवई कोसळली. मी फरशीवर तोंडावर आपटले. आयुष्यभर ज्याला भ्यायले ते घडलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. आडवी पडल्या पडल्या मी बघत होते. भावनाच्या मुठीत पप्पांचा शर्ट आला. बटणं तुटली. पप्पांचा हात हवेत गेला आणि फ्लॅशचा दांडा सुटला. मग दोघं धपकन आतल्या बाजूला पडली. फ्लॅश खाली आपटल्याचा आवाज यायला वेळ लागला. तो वेळ फार मोठा होता.

भावनाने पप्पांना दारापासून आणखी आत ओढलं. मग ती म्हणाली, "एवढी उघडी गॅलरी! दिसली नाही तुम्हाला, पप्पा?"

"मध्येच..." पप्पांनी सुरुवात केली, आणि ते थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी फरशी चाचपून पाहिली. "मला कड दिसतच नाही गं, भावना."

"म्हणजे?"

"समोरचं दिसतं. तुझं तोंड दिसतंय. पण तुझे हात कुठे आहेत ते बघायला मान फिरवावी लागते."

भावनाला आठवलं. "दुकानात... त्या लेन्सचे कोपरे काळे होते. तुम्ही म्हणालात साफ आहे."

"तू काळं म्हणालीस. मला रोज दिसतं तेवढंच दिसलं."

"आणि मला मागे बसवून स्कूटर चालवत होतात? बोलला का नाहीत?"

पप्पांनी खाली बघितलं. "माझ्या आईचं असंच झालं होतं. आम्ही आपले, पिकू दे, पिकू दे. मग तिला काहीच दिसेना. कोपऱ्यात खाट टाकून दिली तिला. हळूहळू कोणी तिला काही विचारेनासं झालं. मी पण नाही. मला वाटलं, बोललो की स्कूटर जाईल, तुझ्याबरोबर येणं जाईल, आणि माझी पण खाट पडेल." त्यांनी शर्टाच्या तुटलेल्या बटणाची जागा चाचपली. "घाबरलो गं मी."

भावनाने त्यांना मिठी मारली आणि दोघं त्या सजवलेल्या हॉलमध्ये, खोट्या फुलांशेजारी बसून रडली. समीर दोरी घेऊन आला तो दारातच थबकला.

परत जाताना स्कूटर भावनाने चालवली. पप्पा मागे बसले आणि मी त्यांच्या मांडीवरच्या बॅगेत होते. वाटभर भावना मोठ्याने सांगत होती, "पप्पा, डावीकडून रिक्षा येतेय. उजवीकडे टेम्पो आहे. आता खड्डा." पप्पा दर वेळी "हं" म्हणत होते.

दुसऱ्याच दिवशी सगळे अंबरनाथला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. कामाची बॅग भावना घरी ठेवत नाही, म्हणून मीही मम्मीच्या मांडीवर, उघड्या बॅगेत होते. आतल्या खोलीत एक मशीन होतं. पप्पांनी त्यात तोंड घालून समोर बघायचं, कुठेही उजेडाचा ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बटणाचा आवाज बाहेर ऐकू येत होता. टिक. टिक. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. ठिपके येत असणार आणि जात असणार. मम्मीने बॅगेचा पट्टा आवळून धरला होता. दर शांततेला तिची मूठ आणखी घट्ट होत होती.

डॉक्टर माधवी समजावून सांगणाऱ्या होत्या. "हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. हा पिकायची वाट बघायची नसते, काका. हा कडेकडेने खात येतो आणि मधलं शेवटी घेतो. म्हणून माणसाला वाटतं, मला दिसतंय. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलंय ते आपण राखू शकतो. डोळ्यांत घालायचे थेंब चुकवायचे नाहीत." मग त्या भावनाकडे वळल्या. "आजीलाही हाच असणार, वडिलांना आहे. तुमचे डोळेही आजच तपासू या."

मित्रांनो, गॅलरीत मी भ्यायले होते, पण याच्याइतकी नाही. भावनाचे डोळे! त्या डोळ्यांवर तर मी जगते. ती मशीनपाशी बसली आणि मी टिकटिक ऐकत राहिले. टिक. टिक. टिक. मध्ये जरा थांबली की माझा जीव टांगणीला. पप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

"तुमचे आज चांगले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण दर वर्षी यायचं. विसरायचं नाही." पप्पा तिथेच बाकावर बसले आणि रुमालात तोंड घालून हुंदके देऊ लागले.

पुढच्या आठवड्यात भावना मला घेऊन झामनदास सेठकडे गेली. सेठने मला फिरवून पाहिलं. माझ्या पुढच्या काचेच्या कडेचा छोटा टवका उडाला होता. "बेटा, अशी मी परत नाही घेऊ शकत."

"परत द्यायला नाही आले, सेठ. हिला घट्ट बसेल असं टोपण द्या."

पहिल्यांदाच कोणी मला ठेवून घेतलं. अजून उन्हाकडे तोंड केलं की माझ्या एका कोपऱ्यात पांढरा ठिपका उमटतो. भावना त्याला काही म्हणत नाही.

एका रविवारी बेलवलीच्या घरी सगळे जमले. हर्षदा नवऱ्याला घेऊन आली, नूतन मावशीही आली. भावनाने मला दारात तिवईवर लावलं. मावशी तिच्या अंगावर आली, "मी मध्ये बसणार. भिंती ताण हव्या तेवढ्या." या वेळी भावनाने रीत मोडली. माणसं सगळी मध्ये, पप्पांच्या खुर्चीभोवती. कडेला भिंती, भिंतीवरची बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, कपाट, मम्मीची कळशी आणि ते रोज मध्ये येणारं स्टूल. तिने टायमर लावला आणि पळत येऊन पप्पांच्या डाव्या अंगाला उभी राहिली.

फोटो निघाल्यावर तिने कॅमेरा पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला. तळहाताएवढा पडदा. पण मी आख्खी खोली त्यात बसवली होती आणि तेवढा पडदा पप्पांच्या उरलेल्या नजरेत मावत होता. मान न फिरवता ते बघत राहिले.

"कपाट आहे," ते हळूच म्हणाले. "कळशी आहे. मायाने नवीन पडदे लावले? कधी लावलेस गं?"

"दिवाळीला," मम्मी कसंबसं म्हणाली. दिवाळी होऊन कितीतरी महिने झाले होते.

"आणि भावना, तू इथं उभी होतीस? माझ्या एवढ्या जवळ?" त्यांनी अंगठ्याने पडद्यावरचं तिचं तोंड पुसल्यासारखं केलं. "सगळे आहेत. सगळे एकदम दिसले." मग त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि हात डावीकडे करून हवेत चाचपला. भावनाने तो धरला. "सांगत जा मला," ते म्हणाले. "कडेला कोण आहे ते सांगत जा."

आता मी कोरड्या डब्यात राहते. ओल शोषणाऱ्या पुड्या भावना आठवणीने बदलते आणि माझ्या कडेला धागे नाहीत ना ते उजेडात धरून बघते. पप्पांचे थेंब ठरल्या वेळी पडतात. तरी मी भिते, मित्रांनो. भावना वर्षाच्या तपासणीला गेली की भिते. पप्पा जिना उतरू लागले की भिते. माझी भीती जाणार नाही, ती माझ्या काचेतच आहे.

पण तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं मोठं माणूस दाराला आपटलं आणि "हे मध्येच कुठनं आलं" म्हणालं, तर हसू नका. "पिकू दे" असंही म्हणू नका. त्यांना समोर बघायला सांगा, बाजूला उभं राहून बोटं हलवा आणि विचारा, दिसतात का? नाही म्हणाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा. आणि तोवर त्यांच्या कडेला उभे राहा, कुठून काय येतंय ते सांगत राहा. त्या दुपारी गॅलरीत मला सगळं दिसत होतं आणि एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला दिसतंही आणि बोलताही येतं.